स्वसंरक्षणाचे कूळ तालमीचे

शहरातल्या धोक्यातून स्वतःला वाचवण्याचे शिक्षण कराटेच्या क्लासबरोबर आपल्याकडे आले, असा सर्रास समज आहे. मला तो पटत नाही. या विद्येचे कूळ शोधू लागले की आधी पेठेतली तालीम लागते. सोलापुरात पाणीवेस तालीम, पत्रा तालीम ही नावे आज मिरवणुकीतल्या लेझमीमुळे ओळखीची असली, तरी तालीम म्हणजे मुळात वस्तादाच्या नजरेखाली रोज अंग कसण्याची जागा. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे जोतीराव फुले दांडपट्टा शिकले, तो याच परंपरेत. 1878च्या शस्त्र कायद्याने विनापरवाना तलवार बाळगणे गुन्हा ठरले. काठी मात्र घरोघरी राहिली. पुढच्या पिढ्यांत लाठीकाठीला जे महत्त्व आले, त्याचे एक कारण मला इथे दिसते. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले आणि या खेळांना शिस्तबद्ध अभ्यासक्रमाचे रूप आले. लक्ष्मीबाई केळकरांनी 1936 साली वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती स्थापली, तिथे बायकांच्या हाती लाठी आली. एरवी हौद्यातली लाल माती पुरुषांचीच राहिली, आणि ही या परंपरेतली मोठी उणीव आहे.

क्राव्ह मागा या ज्या इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीला आज सर्वांत व्यवहारी मानतात, तिचे मूळही गल्लीतच आहे. 1930च्या दशकात ब्रातिस्लाव्हात इमी लिख्टेनफेल्ड हा कुस्ती आणि बॉक्सिंगमध्ये तरबेज असलेला तरुण ज्यू वस्तीवर चालून येणाऱ्या टोळ्यांना अडवत होता. आखाड्याचे नियम रस्त्यावर कोणी पाळत नाही, हे त्याला तिथे कळले आणि त्यातून त्याची पद्धत घडत गेली. म्हणजे एकाच वस्तीतल्या माणसांनी, त्याच वस्तीतल्या धोक्यासाठी केलेला सराव हा दोन्हीकडचा गाभा आहे. दिल्लीतल्या डिसेंबर 2012च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर गावोगावी जी एक-दोन दिवसांची शिबिरे झाली, त्यांत डाव शिकवले गेले, पण हा गाभा सुटला. शाळांतले राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण तीन महिन्यांचे, म्हणून त्याहून बरे. पण शाळा सुटलेल्या मुलीने पुढे कुठे जायचे?

अशा प्रशिक्षणावर पहिला आक्षेप असा की हल्लेखोर बहुधा ओळखीचाच निघतो, तिथे डावपेच काय कामाचे? आक्षेपातली माहिती खरी आहे. देशात नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात. म्हणूनच चांगल्या प्रशिक्षणात धोका वेळीच ओळखणे, ठाम नकार देणे, ओरडणे, निसटणे हे फटक्याच्या आधी येते. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत 893 विद्यार्थिनींवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे बारा तासांचे शिक्षण घेतलेल्यांत वर्षभरात बलात्काराचे प्रमाण 5.2 टक्के आढळले, बाकीच्यांत 9.8 टक्के. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: यात गुन्ह्याची जबाबदारी बाईवरच ढकलली जाते. रस्त्यावर दिवे लावणे, तक्रार लिहून घेणे हे काम महापालिकेचे आणि पोलिसांचेच, आणि ते टाळायला प्रशिक्षणाचे निमित्त कोणी पुढे केले तर त्याला विरोधच करायला हवा. पण दिवे लागेपर्यंत बाईने हात बांधून राहावे, असे कायदाही म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 बचावाचा हक्क देतात. त्यातली एक मुख्य अट अशी की इजा गरजेपेक्षा जास्त नको. ही अटसुद्धा शिकवण्याचाच भाग आहे.

सोलापूरच्या भवानी पेठेत आणि लगतच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या बायका आहेत. महागड्या क्लासचे शुल्क त्यांनी भरावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. तालमींकडे जागा आहे, वस्ताद आहेत, पेठेत शब्दाला वजन आहे. त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी आपली दारे मुलीबाळींसाठी उघडावीत, शिकवायला प्रशिक्षित बाई नेमावी आणि वेळ या कामकरी बायकांना विचारून ठरवावी.