गहाण सोडवताना

शाळेत आपल्याला इतिहास शिकवला तो तलवारींचा. कोणी कोणता किल्ला घेतला, कोणी कोणाला हरवलं. आमच्या घरचा इतिहास मात्र एका पत्र्याच्या पेटीत आहे. तीत कागद आहेत. कुणाचा अंगठा, कुणाची सही, कुठं एक आण्याचं तिकीट. मी दहावीपर्यंत शिकलो. पुढचं वाचन कारखान्यात पाळी सुटल्यावर केलं. ते कागद मी एकेक करून वाचले आणि मग कळलं, आपला इतिहास म्हणजे गहाणाचा इतिहास.

मी श्रीपूरचा. तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर. १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने इथं साखर कारखाना काढला आणि माळावर गाव उभं राहिलं. नीरेच्या कालव्याचं पाणी, ऊस, भोंगा, मळीचा वास. यातच मी वाढलो. हंगामी कामगार म्हणून पॅनवर लागलो. गाळप चालू असलं की तीन पाळ्या, बंद झालं की हातात रिटेन्शनचे थोडे पैसे आणि घराकडं बघणं.

२०१७ साली लग्न झालं आणि त्याच वर्षी आम्ही दोन खोल्या बांधल्या. बापाचं नाव पुढं, माझं मागं, असं बँकेचं कर्ज काढलं. चार लाख. मुदत १५ वर्षं. घराचा कागद बँकेत गहाण. आज्जी तेव्हा जिवंत होती. ती एवढंच म्हणाली, "परत गहाण? लेकरा, आपलं एक अजून सुटलं न्हाई."

ते एक कोणतं, ते सांगतो. पण त्यासाठी मागं जावं लागेल.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. त्यांनी कर्जरोखे हिसकावले आणि जाळले. दंगा पुणे-नगर भागात पसरला. सरकार हादरलं. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, नगर आणि आपला सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू होता. कोर्टानं रोख्यावरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, मूळ व्यवहार काय झाला ते उकरून बघायचं, अशी त्यात सोय होती. चांगली गोष्ट झाली. पण मी विचार करतो, त्या होळीत महारवाड्याचे रोखे किती असतील? रोखा व्हायला आधी जमीन स्वतःची लागते. गहाण टाकायलासुद्धा मालकी लागते, दोस्तांनो!

आपल्याकडं होतं वतन. १८७४ च्या वतन कायद्यानं वतनी जमीन सरकारच्या मंजुरीशिवाय वतनाबाहेरच्या माणसाकडं विकता येत नव्हती की गहाण ठेवता येत नव्हती. वरून दिसायला हे संरक्षण. पण जिच्यावर उघडपणे कर्ज मिळत नाही ती जमीन अडीनडीला काय कामाची? आणि त्या तुकड्याच्या बदल्यात रात्रंदिवस गावाची नि सरकारची चाकरी. म्हणजे जमीन गहाण पडत नव्हती, माणूसच गहाण पडला होता. बाप, त्याचा पोरगा, पोराचा पोरगा. या गहाणाला मुदतच नव्हती.

बाबासाहेबांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. ज्याला सुटायचं आहे त्यानं जमिनीचा पूर्ण सारा भरावा आणि चाकरीतून मोकळं व्हावं, जमीन मात्र त्याच्याकडं राहावी, असा त्याचा गाभा. आजच्या भाषेत बोलायचं तर ते मुदतीआधी गहाण सोडवायचं बिल होतं! ते पास झालं नाही. आपली माणसं अजून तीस वर्षं बांधलेली राहिली. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली, १ फेब्रुवारी १९५९ पासून.

आता आमच्या पेटीतला कागद. वतन गेलं, पण जमीन आपोआप नावावर झाली नाही. कब्जेहक्काची रक्कम मुदतीत भरायची, मग ती नवीन शर्तीनं परत मिळायची. माझ्या आज्याकडं रक्कम नव्हती. गावातल्या एका बड्या घरानं ती भरली आणि बदल्यात एका साध्या कागदावर आज्याचा अंगठा घेतला. "पैसे फिटेपर्यंत आम्ही कसतो." आजा मेला. बाप म्हातारा झाला. सातबाऱ्यावर आज्याचं नाव आहे, भोगवटादार वर्ग २ असं लिहिलेलं आहे आणि नांगर दुसऱ्याचा आहे. कायदा म्हणतो, ही जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. पण कायदा कागदावर चालतो आणि नांगर जमिनीवर चालतो. आज्जीच्या तोंडचं ते न सुटलेलं गहाण हेच.

म्हणून मी इरेला पेटलो. ठरवलं, घराचं गहाण पंधरा वर्षं चालू द्यायचं नाही.

हिशेब मांडतो, कारण आपल्या पोरांना कविता येते पण व्याज येत नाही. मलाही येत नव्हतं. दर मधून मधून बदलला, पण ९ टक्के धरून चला. चार लाखांना पंधरा वर्षांसाठी हप्ता येतो साधारण ४,०५७ रुपये. पहिल्या हप्त्यातले ३,००० रुपये निव्वळ व्याज. मुद्दल फिटतं फक्त १,०५७. पंधरा वर्षांत भरायचे ७ लाख ३० हजार. दर महिन्याला २,००० जादा भरले तर तेच कर्ज साडेसात वर्षांच्या थोडं पुढं संपतं आणि जवळपास पावणेदोन लाख वाचतात. सुरुवातीला भरलेला जादा रुपया सगळ्यांत जास्त कापतो, कारण तो सरळ मुद्दलाच्या मुळाशी जातो.

मी भरत गेलो. ओव्हरटाइम, बोनस, रिटेन्शन, सगळं बँकेत. बिडी सोडली, चहा सोडला. इथवर ठीक होतं. पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे.

२०२२ साली थोरली पोरगी चार वर्षांची झाली. धाकटा अंगावर पीत होता. बायको म्हणाली, पोरीला बालवाडीत घालायचं आहे, फी आणि दप्तर मिळून एवढे एवढे. मी म्हणालो, पुढच्या साली बघू, बोनस बँकेत भरायचा आहे. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बँकेचा कागद सुटून घरी आल्यावर वाचणार कोण? तिला आधी वाचायला तर शिकवा."

मी रात्रपाळीला गेलो. पॅनवर उभा होतो आणि डोक्यात रामजी सुभेदार आले. परळच्या डबक चाळीत राहणारे. भीमाला पुस्तक हवं असलं आणि हातात पैसा नसला की लग्न झालेल्या लेकीकडं जायचे, तिचा दागिना मागून आणायचे, गहाण टाकायचे, पुस्तक घ्यायचे आणि पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत द्यायचे. सुभेदारही गहाण टाकत होतेच! पण पुस्तकासाठी टाकत होते. मी उलटं करत होतो. गहाण सोडवण्यासाठी पोरीचं पुस्तकच गहाण टाकत होतो. आज्याचा अंगठा तिच्या हातावर लावत होतो.

दुसऱ्या दिवशी पोरीला बालवाडीत घातलं. त्या महिन्यात जादा एक पैसा भरला नाही. पुढं नियमच केला: आधी दूध, वही, दवाखाना. मग हप्ता. मग उरलं तर जादा. काही महिने काहीच उरलं नाही. मग दिवाळीत किंवा हंगाम सुटताना भरून काढलं.

२०२५ साली कर्ज संपवायला बँकेत गेलो. काऊंटरवरचा साहेब म्हणाला, मुदतीआधी भरताय, दंड पडेल. मी म्हणालो, साहेब, रिझर्व्ह बँकेनं २०१२ सालीच तरत्या दराच्या घरकर्जावर असा दंड घ्यायला मनाई केली आहे. तो आत जाऊन आला. दंड पडला नाही. आणखी एक लक्षात ठेवा: १ डिसेंबर २०२३ पासून नियम आहे, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत घराचे मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद मिळाले. पोरीनं वरचं आज्जीचं नाव अक्षर जुळवून मोठ्यानं वाचलं. आज्जी ऐकायला नव्हती.

पण एक घर सुटलं म्हणून गाव सुटत नाही. कारखान्याच्या यार्डात आजही कोयत्याच्या जोड्या उचल घेऊन येतात आणि ती फिटेपर्यंत मुकादमाला बांधलेल्या राहतात. कर्जापोटी माणूस बांधून ठेवायला १९७६ च्या कायद्यानं बंदी आहे. २०१४ च्या सावकारी कायद्यात अशीही तरतूद आहे, की सावकारानं कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन, पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असेल तर, चौकशी करून परत देता येते. अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडं करायचा. आज्याचा कागद त्याहून फार जुना. त्याची लढाई नवीन शर्तीच्या आधारानं महसूल खात्यात लढावी लागेल. सातबारा काढला आहे, जुने फेरफार मागितले आहेत. बघू.

मित्रांनो, आपापल्या घरची पेटी उघडा. कागद वाचा, म्हाताऱ्यांना विचारा, तारखा लिहून घ्या. व्याज शिका. कर्ज लवकर फेडा, जरूर फेडा, पण पोरांच्या ताटातलं आणि दप्तरातलं काढून फेडू नका. आपल्याला कागद सोडवायचा आहे तो वाचणारा माणूस घरात असावा म्हणून.

जय भीम.