पात्रतेची परीक्षा : कागद ते पडदा

मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या विद्यार्थ्यास महाविद्यालयात शिकवावयाचे असेल, तर केवळ पदवी पुरत नाही. वकिलास सनद लागते, डॉक्टरास परिषदेची नोंदणी लागते, तशी अध्यापकास 'पात्रता' लागते. आणि ती बहुधा 'नेट' किंवा 'सेट' या परीक्षेतून मिळवावी लागते. यांपैकी 'नेट' ही परीक्षा डिसेंबर २०१८ पासून संगणकावर होऊ लागली. तेव्हापासून बीड, अंबाजोगाई, माजलगाव, केज, गेवराई या भागांतील विद्यार्थी आम्हां अध्यापकांना जे प्रश्न विचारतात, त्यांतील बहुतेक प्रश्न विषयाचे नसून यंत्राचे असतात. पडद्यावर मराठी नीट दिसेल का, वीज गेली तर काय, चुकून भलतीकडे क्लिक झाले तर काय, असे ते प्रश्न होत. या भीतीला उत्तर देताना आम्हांस या परीक्षेच्या इतिहासाकडे वळावेसे वाटले, कारण ही भीती चुकीच्या जागी खर्च होत आहे असे तो इतिहास सांगतो.

आरंभी आमच्या प्रदेशाविषयी. परीक्षेच्या दारात एखादे अनोळखी साधन उभे असणे ही मराठवाड्यास नवी गोष्ट नाही. बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठेवले. घरी मराठी बोलणाऱ्या, देवळात ओव्या आणि अभंग ऐकणाऱ्या मुलास वकिली किंवा सरकारी नोकरी हवी असेल, तर त्याला परक्या भाषेच्या आणि परक्या लिपीच्या दारातून जावे लागे. ज्या अंबाजोगाईशी मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे नाव जोडलेले आहे, त्या गावाचे सरकारदफ्तरी नाव तेव्हा मोमिनाबाद होते. तेथील योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी काम केले. मराठी मुलांस मराठीतून शिकविणाऱ्या अशा खाजगी शाळांचे मोल त्या काळच्या परिस्थितीत किती होते, हे वेगळे सांगावयास नको. पुढे १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवीची परीक्षा आमच्या दाराशी आली.

मात्र पदवी आणि अध्यापनाची पात्रता या दोन गोष्टी तेव्हा वेगळ्या नव्हत्या. एम. ए. ला चांगले गुण असले की प्राध्यापक होता येई. ही स्थिती बदलली ती १९८० नंतरच्या दशकात. अध्यापकांच्या वेतनाबरोबर त्यांच्या गुणवत्तेचाही विचार व्हावा अशी चर्चा सुरू झाली. २२ जुलै १९८८ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने पात्रता परीक्षेचे काम विद्यापीठ अनुदान आयोगाकडे सोपविले. डिसेंबर १९८९ आणि मार्च १९९० अशा दोन भागांत पहिली 'नेट' झाली. राज्यांच्या भाषांतून अशी परीक्षा व्हावी म्हणून 'सेट'ची कल्पना आली, आणि महाराष्ट्रात १९९५ पासून पुणे विद्यापीठाने ती घ्यावयास आरंभ केला.

या संक्रमणाची किंमत एका पिढीने मोजली. १९ सप्टेंबर १९९१ च्या नियमांनी ही पात्रता आवश्यक केली. पण महाविद्यालये उघडत होती, पात्र उमेदवार पुरेसे मिळत नव्हते, आणि नेमणुका तर होतच होत्या. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमल्या गेलेल्या 'बिगर नेट-सेट' अध्यापकांचा प्रश्न महाराष्ट्रात दीर्घकाळ धुमसत राहिला. २०१३ साली राज्यभरातील प्राध्यापकांनी विद्यापीठांच्या परीक्षांच्या कामावर जो बहिष्कार टाकला, त्याच्या मागण्यांत हाही प्रश्न होता. वर्गात वीस वर्षे शिकविलेला माणूस कागदावर 'अपात्र' ठरू शकतो, हे तेव्हा आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. परीक्षा म्हणजे नुसती गुणांची गोष्ट नव्हे, ती माणसाच्या निवृत्तिवेतनापर्यंत पोहोचते, हा त्यातील धडा.

आता परीक्षेच्या अंतरंगाकडे वळू. २०१२ पूर्वीच्या 'नेट'मध्ये तीन प्रश्नपत्रिका असत. पहिल्या दोन पर्यायी उत्तरांच्या. तिसरी मात्र लेखी, २०० गुणांची आणि अडीच तासांची. पहिल्या दोहोंत जो तरेल त्याचीच तिसरी उत्तरपत्रिका तपासली जाई. या तिसऱ्या पत्रिकेत उतारा देऊन त्यावर प्रश्न विचारीत, संकल्पना स्पष्ट करावयास सांगत, आणि निबंधवजा प्रदीर्घ उत्तरही लिहावे लागे. म्हणजे मराठीच्या भावी अध्यापकाला मराठीत विचार मांडता येतो की नाही, हे तेथे पाहिले जाई. तपासणीत पक्षपात होतो, परीक्षकागणिक गुण बदलतात, निकालास विलंब लागतो, असे आक्षेप या पद्धतीवर होते आणि ते निराधार नव्हते.

जून २०१२ मध्ये ही तिसरी पत्रिकाही पर्यायी उत्तरांची झाली. ७५ प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. आमच्या मते या परीक्षेच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल हाच होय. त्या दिवसापासून मराठीच्या अध्यापकाची पात्रता ठरविताना त्याच्याकडून मराठीचे एक वाक्यही लिहून घेतले जात नाही. एखाद्या कवीचा जन्म आधी की त्याच्या समकालीनाचा, कोणता ग्रंथ कोणत्या वर्षाचा, कोणती जोडी बरोबर, एवढे कळले की पुरे. नवल असे की, या बदलाची आमच्या परिसरात फारशी चर्चा झाली नाही. विद्यार्थ्यांना तो सोयीचा वाटला. क्लासवाल्यांना तर तो पर्वणीच वाटला.

पुढचे बदल त्या मानाने वरवरचे आहेत. जुलै २०१८ मध्ये तिसरी पत्रिका रद्द होऊन दोनच उरल्या : पहिली ५० प्रश्नांची, सर्व विषयांस समान, दुसरी १०० प्रश्नांची, विषयाची. त्याच वर्षी डिसेंबरात ही परीक्षा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाकडून राष्ट्रीय परीक्षा संस्थेकडे गेली आणि कागदाच्या जागी पडदा आला. गावोगावी ओरड झाली ती या वेळी. परंतु जी गोळे रंगविण्याची परीक्षा सहा वर्षे पेन्सिल-पेनाने चालली होती, तीच आता माउसने होऊ लागली, इतकाच त्याचा अर्थ. खरे स्थित्यंतर कागदावर केव्हाच घडून गेले होते; पडदा मागाहून आला.

तरीही पडद्यासमोर बसणाऱ्याने काय अपेक्षावे, हे सांगणे आमचे कर्तव्यच आहे. अर्ज करताना परीक्षेच्या शहरांची पसंती द्यावयाची असते. कोणते शहर मिळाले हे परीक्षेच्या काही दिवस आधी कळते. म्हणून तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याने आदल्या रात्रीच्या मुक्कामाची तरतूद मनात धरूनच पसंती भरावी. केंद्रावर प्रवेशपत्र, ओळखपत्र, झडती आणि छायाचित्र यांत वेळ जातो. सकाळच्या सत्रासाठी पहाटेच्या एस.टी.वर विसंबू नये. कच्च्या कामासाठी कागद मिळतो आणि तो परत द्यावा लागतो.

दोन्ही पत्रिका मिळून १५० प्रश्न, ३०० गुण आणि तीन तास. मध्ये सुटी नाही. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उलटी मोजली जाते आणि ती शून्यावर आली की उत्तरे आपोआप जमा होतात. बाजूला प्रश्नांच्या क्रमांकांची चौकट असते : सोडविलेला प्रश्न हिरवा, पाहून सोडलेला लाल, पुन्हा पाहण्यासाठी राखलेला जांभळा. उत्तर निवडून ते जतन करण्याचे बटण दाबल्यावाचून उत्तर नोंदले जात नाही. कागदाची सवय असलेले विद्यार्थी नेमके येथे अडखळतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवण्याचे कारण नाही. संस्थेच्या संकेतस्थळावर सरावाची परीक्षा असते. ती दोन-तीनदा दिली की हे सारे हाताच्या सवयीचे होते. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दोन दुपारी बसावे, तेवढे पुरते.

यंत्राच्या पदरात एक न्यायही टाकला पाहिजे. पूर्वी आपल्या उत्तरपत्रिकेचे काय झाले हे उमेदवारास कधी कळत नसे. आता आपण नोंदविलेली उत्तरे आणि तात्पुरती उत्तरतालिका दोन्ही पाहावयास मिळतात, शुल्क भरून आक्षेपही घेता येतो. ज्याच्या ओळखीचे कोणी वर बसलेले नाही अशा विद्यार्थ्यास हा मोठाच आधार आहे. दुसऱ्या बाजूने, कागद आला की सारे सुरक्षित, हा समजही २०२४ साली खोटा ठरला. त्या वर्षी १८ जूनला ही परीक्षा पुन्हा कागदावर घेण्यात आली, नऊ लाखांहून अधिक उमेदवार बसले, आणि दुसऱ्याच दिवशी प्रश्नपत्रिकेच्या गोपनीयतेबद्दलच्या संशयावरून ती रद्द झाली. ऑगस्ट-सप्टेंबरात तीच परीक्षा संगणकावर पुन्हा द्यावी लागली. ज्यांनी जूनमध्ये उसनवारी करून प्रवास केला होता, त्यांना तो दुसऱ्यांदा करावा लागला. विश्वास कागदात नसतो आणि पडद्यातही नसतो. तो परीक्षा घेणाऱ्याच्या वर्तनात असतो.

एक अडचण मात्र जुन्या काळाची आठवण करून देते. 'नेट'ची पहिली पत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. मराठीच्या विद्यार्थ्याला तर्क, आकडेवारी, संशोधनपद्धती, उच्च शिक्षणव्यवस्था यांवरील ५० प्रश्न परभाषेतूनच समजून घ्यावे लागतात. आमच्या आजोबांच्या पिढीपुढे उर्दू होती, आजच्या मुलापुढे इंग्रजी-हिंदी आहे. 'सेट'ला ही पत्रिका मराठीतूनही वाचता येते, हे तिचे आमच्या दृष्टीने मोठे महत्त्व. गंमत अशी की, या पहिल्या पत्रिकेच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही भारतीय तर्कशास्त्रातील प्रमाणेही आहेत. संतसाहित्य मन लावून वाचलेल्या मराठीच्या विद्यार्थ्याला ती परकी वाटू नयेत. इतर विषयांच्या मुलांपेक्षा तो येथे एक पाऊल पुढेच असतो, पण हे त्याला कोणी सांगत नाही.

आमच्या वर्गांत ऊसतोड कामगारांची मुले-मुली आहेत. डिसेंबरची परीक्षा येते तेव्हा आईवडिलांचा 'कोयता' पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कुठल्याशा कारखान्याच्या तळावर असतो, आणि धाकट्या भावंडांचे, जनावरांचे पाहत मूल अभ्यास करीत असते. अशा मुलास आम्ही तीन गोष्टी वेगळ्या करून सांगतो. यंत्र हाताळणे दोन दिवसांचे काम आहे. पर्यायी प्रश्नांची रीत अंगवळणी पडणे काही महिन्यांचे आहे. विषय समजणे वर्षांचे आहे. भीती पहिल्या गोष्टीची वाटते, मेहनत दुसऱ्या गोष्टीवर होते, आणि तिसरी राहून जाते.

ती राहून जाणे परवडणारे नाही, कारण पात्रतेचे प्रमाणपत्र हातात आल्यावरही नोकरी हातात येतेच असे नाही. नेट-सेट झालेली कितीतरी मंडळी आज तासिका तत्त्वावर शिकवीत आहेत. त्यांना वर्गात उभे राहावयास बळ देते ते १५० प्रश्नांतील यश नव्हे; कविता उलगडून दाखविण्याची, विचार सलग मांडण्याची शक्ती देते. 'परीक्षा' या शब्दाचा मूळ अर्थ सर्व बाजूंनी पाहणे असा आहे. २०१२ पासून ही परीक्षा एकाच बाजूने पाहते. दुसरी बाजू पाहण्याची जबाबदारी त्यामुळे आम्हां अध्यापकांवर आली आहे. विद्यार्थ्यांस आम्ही सरावाच्या चाचण्या द्याव्यात हे खरे. पण आठवड्यातून एकदा त्यांच्याकडून चार पाने मराठी लिहूनही घ्यावी. त्याचे गुण कोठे मोजले जाणार नाहीत. वर्गात बसलेल्या पुढच्या पिढीला मात्र ती चार पाने लिहिलेला मास्तर आणि न लिहिलेला मास्तर यांतील फरक पहिल्याच तासाला कळेल.