कोऱ्या रकान्यांची कहाणी

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात लष्करी बंडाला एक-दोन ओळी मिळतात. अमुक साली अमुक सेनापतीने सत्ता हाती घेतली, राज्यघटना रद्द केली, निवडणुका पुढे ढकलल्या. परीक्षेपुरते तेवढे पुरते. परंतु बंडानंतरच्या सकाळी लोकांच्या दारात पडलेल्या वर्तमानपत्राचे काय झाले, हे त्या पुस्तकात सहसा नसते. वास्तविक सामान्य माणसाला बंडाची झळ तेथेच प्रथम लागते. रणगाडे राजधानीत फिरतात. खेड्यातल्या माणसाला ते दिसत नाहीत. त्याच्या हाती येणारे वर्तमानपत्र मात्र बदलते, आणि पुष्कळदा ते बदलले आहे हेदेखील त्याला कळत नाही.

पालक आणि विद्यार्थी मित्रहो, या विषयासाठी मी मुद्दाम शेजारच्या पाकिस्तानचा इतिहास निवडला आहे. तेथे सन १९५८ ते १९८८ या तीस वर्षांत तीन सेनापतींनी राज्य केले आणि तिघांनी वर्तमानपत्रांचे तोंड तीन तऱ्हांनी बंद केले. दुसरे कारण घरगुती आहे. आपल्यापैकी कित्येकांचे नातेवाईक कराचीत आहेत. आमच्या घरीही मामूंची पत्रे येत. त्यांत खुशाली असे, लग्नकार्य असे, कोणाचे आजारपण असे. देशात काय चालले आहे याबद्दल एक अक्षर नसे. लहानपणी मला वाटे, मामूंना राजकारणाची आवडच नसावी. पुढे इतिहास वाचल्यावर त्या मौनाचा अर्थ थोडाफार लक्षात आला.

संपादकाच्या खुर्चीवर परका

७ ऑक्टोबर १९५८ रोजी राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी लष्करी कायदा पुकारला आणि सरसेनापती अयुब खान यांच्या हाती कारभार दिला. वीसच दिवसांनी अयुब खानांनी मिर्झांनाच दूर सारले. त्या वेळी लाहोरला ‘प्रोग्रेसिव्ह पेपर्स’ नावाची एक नामांकित संस्था होती. मियाँ इफ्तिखारुद्दीन यांनी ती उभारली होती. इंग्रजी ‘पाकिस्तान टाइम्स’, उर्दू दैनिक ‘इमरोज’ आणि ‘लैल-ओ-नहार’ हे साप्ताहिक ती चालवीत असे. ‘पाकिस्तान टाइम्स’चे पहिले संपादक होते थोर शायर फैज अहमद फैज. सरकारवर निर्भीडपणे टीका करणारी ही पत्रे होती.

एप्रिल १९५९ मध्ये एका रात्री पोलिसांनी या संस्थेला वेढा घातला. परकीय प्रभावाचा आरोप ठेवून, देशाच्या सुरक्षिततेच्या कायद्याचा आधार घेऊन सरकारने ती ताब्यात घेतली. छापखाना तोच, कागद तोच, पत्रांची नावेही तीच. फक्त मालक बदलला. दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखाचा सूर असा की, आजवर या घरात परके लोक शिरले होते आणि आता नवे पान उलटले आहे. संपादक मजहर अली खान यांनी राजीनामा दिला. ‘इमरोज’चे संपादक अहमद नदीम कासमी यांनीही खुर्ची सोडली. ज्यांनी ते घर बांधले त्यांनाच परके ठरविण्यात आले. वाचकाच्या दारात पडणाऱ्या अंकावरचे नाव मात्र पूर्वीचेच राहिले.

पुढच्याच वर्षी, १९६० साली, प्रेस आणि प्रकाशनाबाबतचा वटहुकूम निघाला. छापखान्याकडून जामीन रक्कम मागणे, ती जप्त करणे, पत्र बंद करणे हे सर्व अधिकार त्याने सरकारला दिले. १९६३ साली तो आणखी कडक झाला. सरकारी पत्रके जशीच्या तशी छापण्याची सक्ती आली. त्याविरुद्ध ९ सप्टेंबर १९६३ रोजी पत्रकारांनी देशभर संप केला. १९६४ साली ‘नॅशनल प्रेस ट्रस्ट’ स्थापन होऊन अनेक दैनिके त्याच्या छत्राखाली गेली.

वाचक मात्र भोळा नसतो. जानेवारी १९६९ मध्ये अयुबशाहीविरुद्ध पूर्व पाकिस्तान पेटले, तेव्हा ढाक्यात संतप्त जमावाने ट्रस्टच्याच ‘मॉर्निंग न्यूज’ आणि ‘दैनिक पाकिस्तान’ या पत्रांच्या कचेऱ्यांना आग लावली. जाळपोळीचे समर्थन करता येणार नाही. परंतु वर्तमानपत्र लोकांचे राहिले नाही, तर लोक त्याला शत्रूच्या छावणीत मोजू लागतात, हा धडा त्यात आहे.

न छापलेले सत्य

मार्च १९६९ मध्ये अयुब गेले आणि दुसरे सेनापती याह्या खान आले. त्यांच्याच कारकिर्दीत २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्करी कारवाई सुरू झाली. परदेशी बातमीदारांना एका हॉटेलात कोंडले गेले, त्यांची टिपणे आणि फिल्म जप्त झाल्या आणि त्यांना देशाबाहेर पाठविण्यात आले. सायमन ड्रिंग हा तरुण इंग्रज बातमीदार लपून राहिला. त्याचा वृत्तांत ३० मार्च रोजी लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’मध्ये आला. ढाक्यातील ‘इत्तेफाक’ या लोकप्रिय बंगाली दैनिकाची कचेरी लष्कराने जाळली. लाहोर-कराचीच्या वाचकांना मात्र, पूर्वेकडे मूठभर फितुरांचा बंदोबस्त चालला असून लवकरच सर्व सुरळीत होईल, एवढेच सांगितले जात होते.

हे चित्र जगाला पटावे म्हणून लष्कराने एप्रिलमध्ये आठ पाकिस्तानी पत्रकारांना पूर्व भागाच्या दौऱ्यावर नेले. परत आल्यावर सात जणांनी हवे तसे लिहिले. आठवे होते ‘मॉर्निंग न्यूज’चे सहायक संपादक अँथनी मस्करेन्हस. गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यातले, १९२८ साली बेळगावात जन्मलेले आणि कराचीत वाढलेले. लष्करी अधिकारी माणसे मारण्याबद्दल किती सहजपणे बोलतात ते त्यांनी ऐकले होते, जळलेली गावे पाहिली होती. जे पाहिले ते लिहिता आले नाही, तर पुन्हा एक शब्दही लिहिता येणार नाही, असे त्यांनी पत्नीला सांगितले.

देशात ते छापणे अशक्य होते. बहीण आजारी असल्याचे निमित्त करून ते मे महिन्यात लंडनला गेले आणि ‘संडे टाइम्स’च्या संपादकांना, हॅरॉल्ड इव्हान्स यांना भेटले. बातमी छापण्यापूर्वी बायको आणि पाच मुले पाकिस्तानबाहेर निघणे जरुरीचे होते. संशय येऊ नये म्हणून ते स्वतः कराचीला परतले, ठरलेल्या सांकेतिक तारेने घरच्यांना हलविले आणि मग खुष्कीच्या मार्गाने अफगाणिस्तानात उतरून निसटले. १३ जून १९७१ रोजी त्यांचा दीर्घ वृत्तांत प्रसिद्ध झाला. मथळा एकाच शब्दाचा होता आणि त्याचा अर्थ होता वंशसंहार. जगाचे मत बदलण्यात या लेखाचा मोठा वाटा होता. मस्करेन्हस यांना त्यासाठी घर, नोकरी आणि देश सोडावा लागला. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

या दडपणुकीने काय साधले? १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. पश्चिमेकडच्या जनतेला आदल्या दिवसापर्यंत विजयाच्या वार्ता ऐकविल्या जात होत्या. शरणागती हा शब्ददेखील टाळून, स्थानिक सेनापतींमधील व्यवस्थेनुसार लढाई थांबली आहे, अशा भाषेत ही बातमी तिच्यापुढे ठेवण्यात आली. अर्धा देश हातचा गेला आणि तो का गेला हे उरलेल्या अर्ध्याला ठाऊक नव्हते. वेळीच कळते तर कदाचित लोकांनी सरकारला जाब विचारला असता, कदाचित विचारला नसता. परंतु विचारण्याची संधीच त्यांना मिळाली नाही. माझ्या मते सेन्सॉरशिपचे खरे नुकसान हे आहे. पत्रकाराचे तोंड बंद होते हे तर झालेच. पण दुरुस्त करता येण्याजोगी चूक दुरुस्त करण्याची वेळ संपूर्ण समाज गमावून बसतो.

कातरलेली पाने

१९७१ नंतर लोकनियुक्त सरकार आले; पण त्यानेही अयुबशाहीचा प्रेस कायदा रद्द केला नाही, उलट तो विरोधी पत्रांवर वापरला. ५ जुलै १९७७ रोजी जनरल झिया-उल-हक यांनी सत्ता घेतली तेव्हा हे हत्यार धार लावून तयारच होते. नव्वद दिवसांत निवडणुका घेण्याचे वचन त्यांनी दिले. ते पाळले गेले नाही. ‘मुसावात’ या दैनिकावर बंदी आली, तेव्हा पत्रकार आणि छापखान्यातील कामगार यांनी उपोषणे केली, तुकड्यातुकड्यांनी स्वतःला अटक करवून घेतली. मे १९७८ मध्ये लाहोरला लष्करी न्यायालयाने चार पत्रकारांना फटक्यांची शिक्षा ठोठावली. एकाला शारीरिक व्यंगामुळे वगळण्यात आले. तिघांना प्रत्यक्ष फटके मारण्यात आले. बातमीसाठी चाबूक! त्या दिवसाची आठवण पाकिस्तानातील पत्रकार आजही ठेवतात.

१६ ऑक्टोबर १९७९ रोजी निवडणुका पुन्हा रद्द झाल्या आणि वर्तमानपत्रांवर मुद्रणपूर्व तपासणी लादली गेली. तपासणीची रीत अशी. उर्दू दैनिकांचा मजकूर त्या काळी कातिब हाताने लिहीत. लिहिलेले तुकडे पानावर चिकटवून पान तयार होई. तयार पान रात्री सरकारी माहिती खात्यात न्यायचे. अधिकारी नको त्या मजकुरावर खूण करी आणि तेवढा तुकडा काढून टाकावा लागे. नवा मजकूर लिहून घ्यायला वेळ नसे. आणि पुष्कळ संपादकांना तो भरायचाही नसे. ते जागा तशीच कोरी सोडून अंक छापीत. सकाळी वाचकाच्या हाती पांढऱ्या ठिगळांचे वर्तमानपत्र पडे. काय लिहिले होते ते कळत नसे; परंतु काहीतरी लपविले आहे हे अक्षर न ओळखणाऱ्यालाही कळे.

सरकारला हे ठिगळ बातमीपेक्षाही झोंबले. कोरी जागा सोडायची नाही, असा हुकूम निघाला. खोडलेल्या मजकुराच्या जागी काहीतरी निरुपद्रवी भरलेच पाहिजे! बातमी लपविणे पुरेसे नव्हते, लपविल्याची खूणदेखील लपवायची होती. १९८२ च्या प्रारंभी ही तपासणी उठली. पण तोवर सेन्सॉर संपादकांच्या मनातच जाऊन बसला होता. काय छापू नये याच्या सूचना दूरध्वनीवरून येतच राहिल्या. लोक खऱ्या बातमीसाठी रात्री रेडिओ लावून बीबीसीची उर्दू सेवा ऐकत. स्वतःच्या गावची खबर परमुलखातून घ्यायची पाळी त्यांच्यावर आली.

हा सगळा इतिहास एका माणसाने चिकाटीने गोळा केला. जमीर नियाजी हे त्यांचे नाव. १९३२ साली ते आपल्या मुंबईतच जन्मले. पुढे कराचीत पत्रकार झाले. १९८६ साली, झियांची सत्ता कायम असतानाच, त्यांनी पाकिस्तानातील साखळदंडातल्या वर्तमानपत्रांचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. १९९५ साली कराचीतील सहा सायंदैनिकांवर बंदी आली तेव्हा त्यांनी सरकारने दिलेला मानाचा किताब परत केला. २००४ साली ते वारले. कोरे रकाने भरून काढण्याचे काम असेही करता येते.

आपल्यासाठी बोध

हे सर्व परक्या देशात घडले म्हणून आपण निश्चिंत राहू नये. आपल्याकडे लष्करी बंड कधी झाले नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, मुद्रणपूर्व तपासणी सुरू झाली आणि २८ जूनच्या ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अग्रलेखाची जागा कोरी निघाली. मुंबईत मिनू मसानी सेन्सॉरच्या हुकुमाविरुद्ध न्यायालयात गेले आणि १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे सेन्सॉरला गणवेशच लागतो असे नाही, आणि त्याच्याशी झगडणारी माणसेही येथे निघतात.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच. वर्तमानपत्र वाचताना काय छापले आहे याबरोबर काय छापलेले नाही, याचाही विचार करा. एकाच पत्रावर विसंबू नका. उर्दू येत असेल तर उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशी तिन्ही भाषांतील पत्रे वाचा. एकच घटना तिन्हींत तीन तऱ्हांनी दिसते, आणि तेथूनच स्वतःच्या बुद्धीने तोलण्याची सवय लागते. पालकांनी मुलांचा प्रश्न, मग तो गैरसोयीचा का असेना, दाबू नये. ज्या घरात प्रश्न विचारायला मोकळीक असते, त्या घरातली मुले कोऱ्या रकान्यापुढे थबकतात आणि विचारतात, येथे काय होते?

शाळा-कॉलेजे काढून आपण मुलांना वाचायला शिकवतो. हा प्रश्न विचारायला ती शिकली, तर त्या शिक्षणाचे चीज झाले असे मी समजेन.