वाम (गोड्या पाण्यातील)

नदीच्या तळाशी, दगडांच्या फटीत व गाळात राहणारा मासा. शास्त्रीय नाव मॅस्टॅसेंबेलस आर्मेटस. लासेपेद यांनी १८०० मध्ये वर्णन केले. गोदावरी खोऱ्यात तो आढळतो.

शरीर सापासारखे लांब, दोन्ही बाजूंनी किंचित चपटे. रंग तपकिरी, पाठीवर गडद नागमोडी पट्टे. लांबी ९० सेंमी.पर्यंत भरते. तुंड मांसल व टोकदार असून टोकाशी दोन नळीदार नाकपुड्या असतात. अंधारात व गढूळ पाण्यात भक्ष्य हुंगण्यासाठी तुंडाची ही रचना फार उपयोगी पडते. दिवसा दडून राहून रात्री तो कीटकांच्या अळ्या, गांडुळे, झिंगे व लहान मासे खातो.

ओळखीची खरी खूण पाठीवर आहे: सुमारे ३२ ते ४० सुटे, आखूड काटे. डिवचल्यावर ते उभे राहतात आणि जाळे सोडवणाऱ्याचा हात रक्ताळतो. अधरपक्ष नसतात, पाठीचा, शेपटीचा व गुदपक्ष एकमेकांना जोडलेले असतात.

अहीर (अँग्विला बेंगालेन्सिस) पाहून अनेकांची फसगत होते. पण त्याच्या पाठीवर काटे नसतात आणि अंडी घालायला तो समुद्रात जातो. म्हणूनच धरणांनी त्याची वाट अडते. वाम मात्र आयुष्यभर गोड्या पाण्यातच राहतो. कोकणच्या बाजारातली वाम ही समुद्री व निराळ्याच गणातली.