घोंगडी, स्वेटर आणि सायकल

मंडळी, डिसेंबरात भल्या पहाटे वाशिमहून सायकलवर निघणाऱ्या कुणालाही विचारा, अंगात काय घातलंय? तो सांगेल, ‘लोकरीचा स्वेटर.’ बहुतेक वेळा तो लोकरीचा नसतोच. शब्द राहिला, धागा बदलला. आज हा बदल पाहायचा आहे.

आपल्याकडची जुनी लोकर धनगरांची. दख्खनी मेंढीची, भरड. सूत काढायचं, मागावर विणायचं, चिंचोक्याची खळ द्यायची, झाली घोंगडी. ती पावसात भिजली तरी ऊब देते. कारण लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. पण घोंगडी मेंढरं राखणाऱ्यासाठी. ती पांघरून पायडल कसं मारणार?

युरोपातल्या सायकलपटूंनी लोकरच बारीक विणून अंगात घातली. १९१९ साली ‘टूर द फ्रान्स’मध्ये पिवळी जर्सी आली, तीही लोकरीची. मग रसायनशास्त्र आलं. १९४१ मध्ये इंग्लंडात पॉलिएस्टरचा शोध लागला, १९५० मध्ये अमेरिकेत ॲक्रिलिकचं उत्पादन सुरू झालं. पॉलिएस्टर ओलावा धरतं जेमतेम अर्धा टक्का, म्हणून झटपट वाळतं. घामाचा वास मात्र लोकरीपेक्षा लवकर मारतं.

विदर्भात हा नवा धागा स्वेटरच्या रूपात पोचला. लुधियानाचा माल, आणि थंडीत शहरोशहरी दुकानं मांडणारे तिबेटी विक्रेते. त्यांची एक वसाहत आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला आहे. स्वेटर बहुधा ॲक्रिलिकचा, स्वस्त, धुवायला सोपा. लोकांनी त्यालाही लोकरच म्हटलं. गरज भागली, नाव कोण तपासतो?

आता तुम्ही विचाराल, मग घालायचं काय? गंमत अशी, की सायकलवाल्याची खरी अडचण स्वेटर नाहीच, आतलं सुती बनियन आहे. आपण कापसाच्या मुलखातली माणसं, हे बोलायला जिवावर येतं. पण चढावर घाम येतो, सूत तो पिऊन बसतं, उतारावर वारा लागतो आणि हुडहुडी भरते. म्हणून अंगालगत पातळ लोकर किंवा पॉलिएस्टर, वर वारा अडवणारं काही. रोज धुवायचं असेल तर पॉलिएस्टर. दिवसभराचा पल्ला असेल आणि परवडत असेल तर लोकर.

आणि स्वेटर घेताना आतली चिठ्ठी वाचा. धाग्याचं खरं नाव तिथंच असतं.