शोकाचे वतन

गावगाड्याने कामाची वाटणी केली तशीच शोकाचीही केली. मनुस्मृतीने सुतकाचे दिवस वर्णानुसार ठरवले: ब्राह्मणाला 10, क्षत्रियाला 12, वैश्याला 15, शूद्राला 30. चांडाळाला या हिशेबात जागा नाही. त्याला कामे सांगितली आहेत: बेवारस प्रेते वाहावीत, मढ्यावरची वस्त्रे नेसावीत. हाच न्याय पुढे महारकीत उतरला. गावात मर्तिक झाले की महाराने परगावी सांगावा घेऊन धावायचे, सरणाची लाकडे वाहायची आणि मढ्यावरचे कापड ‘हक्क’ म्हणून घ्यायचे. त्याच्या घरच्या मृत्यूचा सांगावा नेणे मात्र कोणाच्याच वतनात नव्हते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारले आहे, ते या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. दोन महिन्यांच्या आत, 7 डिसेंबरला, दादरच्या चौपाटीवर त्यांच्याच अंत्यविधीत भदन्त आनंद कौसल्यायन यांनी शोकाकुल समुदायाला धम्मदीक्षा दिली. परक्यांच्या मर्तिकाला राबवला गेलेला समाज तेथे आपल्या माणसासाठी रडला आणि रडता रडताच उभा राहिला.

आमच्या वसई-विरार पट्ट्यात या विचाराचा जुना पुरावा मातीखाली होता. सोपाऱ्यात ज्या टेकाडाला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत, ते 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरले. आत स्तूप निघाला. त्यात एकात एक ठेवलेले करंडक होते आणि सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे, असे पंडितजींनी मानले. गेलेल्या माणसाच्या खापरीला सोन्यात जपणारे लोक मृत्यूला विटाळ मानत नव्हते.

पण धर्म बदलला म्हणून जुने वतन आपोआप खालसा होत नाही. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडण्याचा आग्रह आपल्याही काही घरांत अजून होतो. उलट बाजूने ‘सारे अनित्य आहे, बौद्धाने रडू नये’ असा नवा दंडक घातला जातो. बुद्धाचे महापरिनिर्वाण जवळ आले तेव्हा आनंद दाराला टेकून रडला. बुद्धाने त्याला बोलावून धीर दिला, त्याच्या सेवेचा गौरव केला. 1926 साली राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेबांनीही आपले दुःख मित्राला लिहून कळवले. त्यांनी ते लपवले नाही.

महार वतन 1958 च्या कायद्याने गेले. शोकाचे वतन आपल्यालाच मोडायचे आहे. त्याची सुरुवात विधवेच्या मनगटावरचा आपला हात काढून घेण्यापासून व्हावी.