सावलीतले चित्रकार

रविवारी सकाळी आम्ही बोटॅनिक गार्डनला जातो. माझी मुलगी जमिनीवर कागद पसरते, त्यावर पडलेली पानांची सावली फिक्या जलरंगात भरते आणि रंग वाळला की काळ्या शाईने रेषा ओढते. घाई करावी लागते. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश दूर. दुपारी एकच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि सावली बुंध्याशी गोळा होते.

या छंदापायीच नॅशनल म्युझियममध्ये विल्यम फर्कार संग्रहातील चित्रे पाहिली. फर्कार हा सिंगापूरचा पहिला ब्रिटिश रेसिडेंट (१८१९ ते १८२३). त्याआधी मलाक्क्यात असताना त्याने चिनी चित्रकारांकडून तिकडच्या वनस्पती व पशुपक्ष्यांची ४७७ चित्रे जलरंगात काढून घेतली. त्यात आपल्या श्रीखंडातले जायफळही आहे! १८२७ मध्ये ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे गेली. १९९३ च्या लिलावात श्री. जी. के. गोह यांनी ३० लाख सिंगापूर डॉलर मोजून ती मिळवली आणि पुढे संग्रहालयाला दान केली.

आम्ही पाहिलेल्या वनस्पतींच्या चित्रांत जमिनीवरची सावली कुठेच नव्हती. झाडाची ओळख पटावी म्हणून पान, फूल, फळ कोऱ्या कागदावर स्वच्छ दाखवायचे, ही शास्त्रीय चित्रांची रीत. पण मुलीने वेगळेच विचारले, "बाबा, काढणाऱ्याचं नाव कुठे आहे?"

नाव नव्हतेच. फर्कारचे राहिले, चित्रकारांचे गेले.

आपल्याकडेही तेच. पुण्याजवळ दापोडीला मुंबई सरकारची वनस्पती बाग होती. तिचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० दरम्यान एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून शंभराहून अधिक चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नोल्टी यांनी त्यांवर पुस्तकही लिहिले; पण चित्रकार अनामच राहिला. माझे बालपण पिंपरीत गेले. लोकलने दापोडी स्टेशन शेकडो वेळा ओलांडले, पण हे सारे कळले ते सिंगापुरात!

आम्ही संगणकवाले चार ओळींच्या प्रोग्रॅमवरही लिहिणाऱ्याचे नाव घालतो. त्या चित्रकारांना तेवढेही मिळाले नाही.

मुलगी आता प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात झाडाचे नाव, तारीख आणि सही करते. आपणही घरातल्या गणपतीच्या जुन्या फोटोंमागे मखर करणाऱ्यांची नावे लिहून ठेवूया. आठवताहेत तोवरच!